लोकशाहीर अण्णा भाऊ साठे यांची शाहिरी आणि तिचे श्रोते



इतिहास म्हटला म्हणजे बखरी, सनदा आणि ताम्रपट यांची आठवण सामान्यतः होते. अन्य ज्ञातींच्या स्मरणिका चाळल्या असता अशा कागदपत्रांच्या आधारे लिहिलेले कुलवृत्तान्त त्यांत आढळतात. आपल्या मातंग ज्ञातीच्या संग्रही असे कागद फारसे नाहीत. इंग्रजी अमलातील ज्या सरकारी दप्तरांत आपल्या पूर्वजांची नावे सापडतात, ती बहुधा हजेरीची दप्तरे होत. अमुक इसम रात्री वस्तीवर होता किंवा नव्हता, एवढाच काय तो त्यांतील मजकूर. मग आपण आपला इतिहास शोधावा कोठे? प्रस्तुत लेखकास वाटते की, तो गाण्यात शोधावा. आपल्याजवळ जमीन नव्हती, अक्षर नव्हते. परंतु कंठ होता, हलगी होती आणि ऐकणारा गाव होता.

इ.स. १८५५ साली महात्मा फुले यांच्या शाळेतील आपल्याच ज्ञातीच्या मुक्ता साळवे या बालिकेने 'ज्ञानोदय' पत्रात मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो आपल्या गद्याचा मंगलारंभ होय. पण त्या काळी निबंध वाचणारे थोडे आणि गाणे ऐकणारे बहुत. म्हणून निबंधाने जे शंभरांपर्यंत पोहोचले, ते लाखांपर्यंत पोहोचविण्यास एका शाहिराची आवश्यकता होती. तो शाहीर पुढे पासष्ट वर्षांनी जन्मास आला. त्याच्या चरित्राचा सर्व विस्तार येथे करावयाचा नाही. त्याच्या गाण्याने ऐकणाऱ्याच्या अंतःकरणावर काय परिणाम झाला आणि तो कशामुळे झाला, एवढाच प्रश्न या लेखात घेतला आहे. हा प्रश्न मी का घेतला, याचे कारण लेखाच्या उत्तरार्धात येईल. त्यात माझी स्वतःची एक चूक कबूल करावयाची आहे.

हलगीची परंपरा आणि हलगीची लाज

आपल्या ज्ञातीकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या कामांत दोर वळणे, केरसुण्या बांधणे आणि वाजंत्री वाजविणे ही प्रमुख कामे होती. गावात लग्न असो, देवाची पालखी असो, की बैलपोळा असो, हलगी आणि सनई आपल्या माणसाची. परंतु ज्याच्या वाजविण्यावाचून वरात हलत नसे, त्याला मांडवात प्रवेश नसे. तो मांडवाबाहेर पाचट पेटवून तीवर हलगी शेकीत बसे; सर्वांच्या पंक्ती उठल्यावर जे उरे ते त्याच्या पदरात पडे. मागील पिढीतील सुधारकांनी ही वाजंत्री सोडून द्या असे सांगितले, ते काही संगीताच्या द्वेषाने नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी अस्पृश्य समाजाला वतनी आणि हीन गणलेली कामे टाकण्याचा उपदेश केला, त्यामागील तत्त्वही हेच होते. जे वाद्य सक्तीने वाजवावे लागते, ते वाद्य नव्हे, बेडी होय. तेव्हा आपल्यातील शिकलेल्या मंडळींना हलगीची लाज वाटू लागली, यात त्यांचा दोष मानता येत नाही.

तमाशाची गोष्टही अशीच. उभ्या महाराष्ट्राने तमाशा रात्र रात्र पाहिला आणि सकाळी त्याला नावे ठेविली. तमाशाच्या फडांत आपल्या आणि महार बांधवांच्या कलावंतांचा भरणा मोठा. गण, गौळण, बतावणी आणि वग या चार खांबांवर उभी असलेली ही कला त्यांनीच जगविली. पण शिकल्या-सवरल्या घरात 'तमाशा' हा शब्द शिवीसारखा वापरला जाई. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने काही काळ तमाशावर बंदीही घातली होती. पुढे ती उठली, तरी लाज उठली नाही.

या कलेचा उपयोग लोकजागृतीसाठी करावा ही कल्पना अण्णा भाऊंच्या पूर्वीच उदय पावली होती. सत्यशोधक समाजाच्या अनुयायांनी तमाशाचाच साचा घेऊन सत्यशोधकी जलसे उभे केले, आणि पुढे नाशिककडील भीमराव कर्डक आदी मंडळींनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. अण्णा भाऊ हे या धारेतील होत. ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे त्यांचे खरे मोठेपण कशात आहे ते उमगते. त्यांच्यापुढे दोन मार्ग होते. वाद्य घ्यावे तर त्याबरोबर लाचारी येते. लाचारी टाकावी तर वाद्यही जाते. अण्णा भाऊंनी लाचारी टाकली आणि ढोलकी ठेविली.

वाटेगावहून मुंबईपर्यंत

तुकाराम भाऊराव साठे यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी त्या वेळच्या सातारा जिल्ह्यातील, आणि आजच्या सांगली जिल्ह्यातील, वाळवे तालुक्यात वाटेगाव येथे झाला. मातोश्रींचे नाव वालुबाई. त्यांची शाळा दीड दिवसाची होती असे म्हणण्याची प्रथा आहे. दिवसांचा हिशेब कमी-अधिक असेल. परंतु शाळेत त्यांना अक्षर मिळाले नाही हे खरे. वडिलांबरोबर वाटेगावहून पायी चालत ते बालपणीच मुंबईस आले. तेथे मिळेल ते काम केले, ओझी वाहिली, गिरणीत राबले. रस्त्यावरील पाट्या आणि भिंतींवरील जाहिराती वाचीत ते अक्षर शिकले. आम्हां शिक्षकांचा गर्व उतरविणारी ही हकीकत आहे. ज्याला कोणी फळ्यापुढे बसविले नाही, त्याने पुढे तीसहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या!

मध्यंतरी ते गावी परतले, तेव्हा त्यांच्या नात्यातील बापू साठे यांच्या तमाशाच्या फडात वावरले. गण कसा उभा करावा, सवाल-जवाब कसा रंगवावा, कंटाळलेल्या प्रेक्षकाला परत खाली कसे बसवावे, ही विद्या त्यांना तेथे मिळाली. पुन्हा मुंबईस आल्यावर ते माटुंगा लेबर कॅम्पात राहिले. त्या वस्तीतील डासांच्या उपद्रवावर त्यांनी एक गाणे रचले. त्यांच्या आरंभीच्या रचनांपैकी ती एक म्हणून सांगितली जाते. एखाद्यास हा विषय क्षुल्लक वाटेल. पण विचार करा. वस्तीतील माणूस रात्रभर डास मारीत बसला आहे, आणि त्याच्या त्याच हालांचे कोणी गाणे करून त्याच्यापुढे म्हणतो. तो प्रथम हसतो. हसता हसता त्याच्या ध्यानात येते की, हे डास दैवाने पाठविलेले नाहीत. येथे गटार नाही म्हणून ते आहेत. अण्णा भाऊंच्या सर्व शाहिरीचे बीज या एका गाण्यात आहे.

लेबर कॅम्पातच त्यांचा कम्युनिस्ट पक्षाशी संबंध आला. त्यांच्या राजकीय मतांविषयी आपल्या ज्ञातीत दुमत असेल, आणि तसे असण्यास हरकत नाही. इ.स. १९४४ साली त्यांनी शाहीर अमर शेख व शाहीर द. ना. गव्हाणकर यांच्यासह 'लाल बावटा कलापथक' स्थापन केले. अमर शेख हे मूळचे बार्शीचे. नाव मेहबूब हुसेन पटेल. वाटेगावचा मातंग आणि बार्शीचा मुसलमान एका फडावर उभे राहून महाराष्ट्राचे गाणे गाऊ लागले, ही गोष्ट ज्ञातीच्या इतिहासात सुवर्णाक्षरांनी लिहून ठेवण्याजोगी आहे.

नवा गण

तमाशाचा आरंभ गणाने होतो आणि गणात गणेशाचे स्तवन असते. अण्णा भाऊंनी आपल्या लोकनाट्यासाठी जो गण रचला, त्यात प्रथम वंदन मायभूमीला आणि त्यानंतर छत्रपती शिवाजी महाराजांना केले आहे. गौळणीलाही त्यांनी फाटा दिला. हा बदल करताना त्यांनी ढोलकीचा ठेका बदलला नाही, सुरत्यांनी मागून सूर धरण्याची रीत बदलली नाही. यामुळे ऐकणाऱ्याची सवय मोडली नाही. कानाला ओळखीचे तेच येत होते; मनाला मात्र नवे सांगितले जात होते. 'अकलेची गोष्ट', 'देशभक्त घोटाळे', 'शेटजींचे इलेक्शन' या त्यांच्या लोकनाट्यांत सावकार, शेठ आणि पुढारी यांची जी फजिती होते, ती पाहून खेड्यातील प्रेक्षक पोट धरून हसत असत. ज्याच्यापुढे दिवसा मान खाली घालावयाची, त्याला रात्री रंगमंचावर फसलेला पाहणे, यात केवळ करमणूक नव्हती. ज्याला एकदा मनसोक्त हसलो, त्याची भीती पूर्वीइतकी राहत नाही.

पोवाड्याचेही असेच. तुळशीदासाचा सिंहगडाचा पोवाडा आणि अगिनदासाचा अफझलखानवधाचा पोवाडा यांनी महाराष्ट्राचा कान तयार केलेला होता. डफावर थाप पडली, तुणतुणे सुरू झाले आणि शाहिराने हात वर केला की, आता कोणी तरी गड घेणार, कोणी तरी धारातीर्थी पडणार, हे ऐकणाऱ्यास ठाऊक असे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अण्णा भाऊंनी याच साच्यात स्टालिनग्राडचा पोवाडा रचला. परळचा गिरणी कामगार कोठे आणि व्होल्गाकाठचे ते शहर कोठे! पण पोवाडा ऐकताना कामगाराला ते शहर परके वाटत नसे. एक गड म्हणूनच ते त्याच्या डोळ्यांपुढे उभे राही. बंगालमध्ये १९४३ साली भीषण दुष्काळ पडला, त्यावरही त्यांनी पोवाडा रचला. अन्नावाचून मरणारा बंगाली शेतकरी महाराष्ट्रातील शेतकऱ्याचा सोयरा कधी नव्हता. पोवाड्याने तो सोयरा केला.

त्यांची 'मुंबईची लावणी' येथे विसरता येणार नाही. त्यांच्या पूर्वी पठ्ठे बापूराव यांनी मुंबईवर लावणी रचली होती, आणि तीत या नगरीच्या वैभवाचे कौतुक आहे. अण्णा भाऊंनी त्याच नगरीचे दुसरे अंग दाखविले. वर मलबार हिलची श्रीमंती आणि खाली कष्टकऱ्यांच्या कोंदट वस्त्या, ही दोन चित्रे त्यांनी शेजारी शेजारी मांडली. पठ्ठे बापूरावांची लावणी ऐकून खेड्यातील तरुणाला मुंबई पाहावीशी वाटे. अण्णा भाऊंची लावणी ऐकून मुंबईतील तरुणाला आपण कोठे राहतो हे दिसू लागे.

'माझी मैना'

आता या लेखाच्या मुख्य विषयाकडे वळू. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या दिवसांत जी गाणी गाजली, त्यांत अण्णा भाऊंच्या 'माझी मैना' या छक्कडीचे स्थान अग्रभागी आहे. प्रथम त्या काळाचे स्मरण करणे अवश्य आहे. राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल १९५५ साली आला आणि त्यात मुंबईसह मराठी राज्याची मागणी मान्य झाली नाही. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटन येथे मोर्चावर गोळीबार झाला. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा होताच पुन्हा प्रक्षोभ उसळला आणि पुन्हा गोळ्या चालल्या. या लढ्यात शंभरांहून अधिक माणसे हुतात्मा झाली आणि त्यांत गिरणीतील व गोदीतील कष्टकरी अनेक होते.

अशा समयी शाहिराने रणभेरी वाजवावी अशी अपेक्षा असते. अण्णा भाऊंनी काय केले? त्यांनी एका गरिबाच्या तोंडून गावी राहिलेल्या त्याच्या कारभारणीची आठवण सांगितली. पोटासाठी हा मनुष्य मुंबईस निघाला आहे. ती वाटेपर्यंत पोहोचवावयास आली आहे. तो तिच्या रूपाचे आणि त्याहून अधिक तिच्या गुणांचे वर्णन करतो, तिला दागिन्यांनी मढविण्याचे आश्वासन देतो, आणि मुंबईत येऊन पाहतो तो येथे त्याच्यासारखे हजारो हात रिकामे हिंडत आहेत. मग गाणे लढ्यापाशी येते, आणि अखेरीस शाहीर म्हणतो की, माझी आणि माझ्या मैनेची जशी ताटातूट, तशीच या तुटलेल्या महाराष्ट्राची स्थिती. बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव दुसऱ्यांच्या हाती राहिले.

रचनेच्या दृष्टीने पाहता, या छक्कडीत एकच यमक कडव्यातील चरणाचरणाला येत राहते. एकामागून एक लहान लहान चरण त्याच अक्षरावर येऊन आदळतात, श्वास घेण्यास सवड मिळत नाही, आणि छाती भरून आली की ध्रुपद परत येते. ध्रुपदापाशी ऐकणारा सुटतो, पण सुटतो तो आपल्याच दुःखात. कारण त्या ओळीत सांगितलेली गोष्ट त्याची स्वतःची असते. साथीदार ती ओळ उचलतात आणि साथीदारांमागून मैदान ती उचलते. अमर शेख यांचा पहाडी आवाज या छक्कडीला लाभला आणि ती महाराष्ट्रभर पसरली.

तिचा परिणाम एवढा का झाला, हे समजण्यासाठी त्या काळची गिरणगावची राहणी डोळ्यांपुढे आणली पाहिजे. लालबाग-परळच्या चाळींत एका खोलीत दहा-पंधरा पुरुष राहत. एका पाळीचे उठून गेले की दुसऱ्या पाळीचे त्याच जागेवर अंग टाकीत. जेवण खानावळीत. कोकणचा, साताऱ्याचा, कोल्हापूरचा, नगरचा असा कोणीही असो, त्याची बायको गावी, लेकरे गावी. महिन्याला मनिऑर्डर जाई आणि वर्षातून एकदा शिमग्याला किंवा यात्रेला तो स्वतः जाई. या माणसाला भाषावार प्रांतरचनेचा अर्थ समजावून सांगण्यास व्याख्यान पुरे पडत नसे. ताटातूट म्हणजे काय हे मात्र त्याला कोणी शिकवावयास नको होते. अण्णा भाऊंनी त्याच्या छातीत आधीच असलेले दुःख घेतले आणि राज्याचा प्रश्न त्यात गुंफला. ज्याच्या डोळ्यांत स्वतःच्या घराची आठवण होऊन पाणी आले, त्याला बेळगाव आपले का वाटते हे निराळे सांगावे लागले नाही.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्या मैदानात बसलेला मराठा, माळी, आगरी, भंडारी, महार, मुसलमान, प्रत्येकजण आपापल्या मैनेसाठी व्याकुळ होत होता. आणि ती व्याकुळता ज्याच्या शब्दांनी जागी झाली, तो मांगवाड्यात जन्मलेला होता. ज्याला गावात मांडवाबाहेर बसविले, त्याचे गाणे अशा रीतीने सर्वांच्या घरात शिरले.

एका शिक्षकाची चूक

आता ती कबुली. माझे वडील १९५० नंतर मुंबईत गिरणी कामगार होते आणि आई सातारा जिल्ह्यात गावी होती. माझे बालपण आईजवळ गेले. वडिलांना आम्ही आबा म्हणत असू. आबा वर्षातून एकदा यात्रेला येत. रात्री अंगणात बसून ते हलक्या आवाजात 'माझी मैना' म्हणत आणि आई चुलीपुढून उठत नसे. भांडी घासून झालेली असत, विस्तव विझलेला असे, तरी ती तेथेच पाठमोरी बसून राही. तिला गाणे आवडत नसावे, अशी त्या वयात माझी समजूत होती.

पुढे मी मॅट्रिक होऊन शिक्षक झालो. १९८२ सालच्या गिरणी संपानंतर आबा कायमचे गावी परतले. इ.स. १९८९ मध्ये मी ज्या शाळेत होतो, तेथील स्नेहसंमेलनासाठी आपल्या वस्तीतील चार मुलांनी हलगीच्या साथीवर 'माझी मैना' बसविली होती. त्यांतील एकाने आजोबांची हलगी आणली होती. तालीम पाहून मी ती बंद केली. मी मुलांना म्हणालो, "शाळेत तमाशा नको. लोक आधीच आपल्याला नावे ठेवतात." मुलांनी मान खाली घातली. त्यांच्याऐवजी दुसऱ्या वर्गाचे एक भावगीत झाले आणि पाहुण्यांनी शाळेच्या शिस्तीची प्रशंसा केली. मलाही आपण योग्य तेच केले असे वाटले.

आबा संमेलनास आले होते. मुलांपैकी कोणीतरी त्यांना हकीकत सांगितली असावी. रात्री जेवताना ते माझ्याशी बोलले नाहीत. जेवण झाल्यावर त्यांनी पान लावले आणि म्हणाले, "मास्तर, त्या गान्याला तू तमाशा म्हनालास?"

मी काही स्पष्टीकरण देऊ लागलो. ते म्हणाले, "मैदानात आमी हजारो मानसं बसलो हुतो. माज्या डाव्या अंगाला कोकनातला एकजन, उजव्या अंगाला आपल्या खोलीतला मुकादम. मुकादम कुनाशी गोड बोलायचा न्हाई. गानं सुरू झालं आनि त्यो मुकादम टोपी तोंडावर धरून रडाया लागला. त्या दिवसापास्नं आमाला समाजलं, की ह्यालाबी गावाकडं कुनीतरी हाय. तेरा वरसं तुज्या आईला मी गावाकडं ठिवली. तिला लिव्हाया येत न्हवतं, मला येत न्हवतं. चिठ्ठी कोन लिवनार? यात्रेला आलो की त्येवढं गानं म्हनायचो. तीच आमची चिठ्ठी."

माझी आई उंबऱ्यात बसली होती. ती म्हणाली, "मी चुलीपुढनं उठत न्हवते, कारन डोळं पुसायला पदर लागायचा, आनि पोरासमोर ते बरं दिसत न्हाई."

मी मराठी भाषेचा शिक्षक. विरहरसाची व्याख्या मुलांकडून घोकून घेणारा. माझ्या घरात बावीस वर्षे जे काव्य चालू होते, ते मला वाचता आले नव्हते! दुसऱ्या दिवशी मी त्या चार मुलांना बोलावून क्षमा मागितली. तीन मुले हसली. ज्याने हलगी आणली होती तो म्हणाला, "गुरुजी, आजोबांनी ती माळ्यावर टाकली." त्यानंतर माझ्या ऐकिवात त्या घरातून हलगी वाजल्याचे आले नाही. आबा १९९८ साली वारले. आईही आज नाही.

मी केलेली चूक ही एकट्याची नाही, म्हणूनच ती येथे लिहिली. आपल्यातील शिकलेल्या पिढीने सक्ती आणि कला यांत भेद केला नाही. बेडी तोडताना हातही तोडला. अण्णा भाऊंनी हा भेद १९४४ सालीच करून दाखविला होता. आपण तो पाहिला नाही.

शाहिराची अखेर आणि आपले कर्तव्य

अण्णा भाऊंची 'फकिरा' ही कादंबरी १९५९ साली प्रसिद्ध झाली. तिला वि. स. खांडेकर यांची प्रस्तावना आहे आणि १९६१ साली राज्य शासनाचे पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी ते रशियास जाऊन आले. ज्या देशातील शहरावर सुमारे वीस वर्षांपूर्वी पोवाडा रचला, तो देश त्यांनी डोळ्यांनी पाहिला. मात्र त्यांचे आयुष्य घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीत गेले. १८ जुलै १९६९ रोजी गोरेगाव येथे त्यांचे निधन झाले. त्यानंतर दीड महिना होण्यापूर्वीच, २९ ऑगस्ट १९६९ रोजी, अमर शेख हेही अपघातात गेले. एकाच पावसाळ्यात महाराष्ट्राच्या दोन शाहिरांचे आवाज थांबले.

पुढे मानसन्मान झाले. १ ऑगस्ट २००२ रोजी भारतीय टपाल खात्याने अण्णा भाऊंचे तिकीट काढले. ज्या माणसांना चिठ्ठी लिहिता येत नव्हती, त्यांच्या शाहिराची प्रतिमा पाकिटावर बसली! १४ सप्टेंबर २०२२ रोजी मॉस्को येथे त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. या गोष्टींचा आपणांस अभिमान वाटावा हे योग्यच. परंतु पुतळ्याला हार घातल्याने गाणे जिवंत राहत नाही. जयंतीच्या मिरवणुकीत आपण मोठमोठे ध्वनिवर्धक लावतो. त्यांच्या कल्लोळात ज्याची जयंती, त्याचेच शब्द ऐकू येत नाहीत, हे खेदाने नमूद करावे लागते.

म्हणून संस्थेच्या कार्यकारी मंडळास नम्र विनंती आहे. पहिली अशी की, गिरणगावात राहून आलेली जी वृद्ध मंडळी आपल्या ज्ञातीत अजून हयात आहेत, त्यांच्या तोंडून ही गाणी, त्यांच्या चाली आणि ती प्रथम कोठे ऐकली याच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून घ्याव्यात. हे काम फार दिवस थांबणारे नाही. दरवर्षी काही आवाज कमी होत आहेत. दुसरी अशी की, संस्थेच्या वसतिगृहातील ज्या मुलामुलींची इच्छा असेल, त्यांना हलगी आणि ढोलकी शिकविण्याची व्यवस्था करावी. कोणावर सक्ती नसावी. सक्तीचे दुष्परिणाम आपण पुरेसे भोगले आहेत. शिक्षकाच्या मानधनासाठी माझ्या निवृत्तिवेतनातून यथाशक्ति वर्गणी मी दरमहा देईन.

आणि तिसरी विनंती. पुढील वार्षिक मेळाव्याचा आरंभ हलगीने व्हावा. ती शेकण्यासाठी जे पाचट पेटवावयाचे, ते मंडपाबाहेर पेटवावे, कारण आगीची भीती असते. पण वाजविणाऱ्यास मात्र आत बोलवावे, व्यासपीठावर पाहुण्यांच्या शेजारी खुर्ची द्यावी, आणि त्याचे वाजवून झाल्यावर पहिला हार त्याच्या गळ्यात घालावा. माझ्या त्या विद्यार्थ्याच्या घरी माळ्यावर हलगी अजून असेल, तर ती खाली काढून आणण्यास मी स्वतः जाणार आहे.